कांडीला गेलेला तडा

अगं शर्वरी, हातातलं ठेव आणि आधी हे ऐक. फार पूर्वी एक जादूचं राज्य होतं. तिथं तीन हजार वर्षं त्याच तलवारी आणि त्याच बैलगाड्या. जातंसुद्धा जादूची कांडीच फिरवायची, मग डोकं कोण चालवणार?

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण मात्र वाफेनं सारखं उडायचं. "जातोबा, या वाफेत जोर आहे. तुम्हालाही फिरवेल ती." असं ते जात्याला म्हणालं की लगेच कांडी म्हणायची, "धोंडा ठेवा रे त्याच्यावर." रिवाजच होता तसा.

एक दिवस दळताना जात्याला बारीकसा कट्ट आवाज आला. कांडीला उभा तडा गेला होता.

"कोणाला सांगू नकोस," ती कुजबुजली. "चुलीत घालतील मला."

जातं मनाशी हिशेब करू लागलं. सांगितलं तर कांडी जळणार. नाही सांगितलं तर ती कधीतरी मोडणार आणि सगळे उपाशी राहणार, कारण जातं हातानं फिरवायचा खुंटा लोकांनी कधीच काढून टाकला होता. वाफेनं खरंच दळता येईल का, असं त्यानं हळूच झाकणाला विचारलं.

"वाफेनं दळायला शिकायचं तर वर्षं लागतील," झाकण धोंड्याखालून म्हणालं. "आजच सुरुवात करावी लागेल."

दारात दळणाची रांग वाढत होती. कांडी जात्याकडे बघत होती. त्याच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस गं?