वर आलेली पिल्लं

“खायला काय घालता?”

“तुम्ही घालता तेच.”

“आर्टिमियाच? रोज ताजी उबवलेली?”

“हो. मिठाच्या पाण्यातले तेच किडे. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे.”

“पाण्यात मीठ किती ठेवता?”

“खाडीत असतं तेवढं.”

“मग माझीच पिल्लं का मरतात?”

भागीरथीमावशींनी फडकं पाण्यात बुडवलं. ओल्या फडक्याने टाकीची काच पुसली, फडकं पिळलं आणि परत पुसली.

विचारणारा होता डॉक्टर अच्युत केळस्कर. कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. समुद्रघोड्यांवर त्याने अकरा वर्षं शिकवलं होतं, परदेशात जाऊन दोनदा भाषणं दिली होती. मच्छीमारांच्या जाळ्यात अर्धमेले सापडलेले समुद्रघोडे घरच्या टाकीत जगवायचे, त्यांची पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की खाडीत सोडायची, यासाठी त्याने वनखात्याची परवानगीही मिळवली होती. मोठे घोडे जगले. पिल्लं मात्र तीनदा झाली आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत सगळी गेली.

मावशी शिकल्या होत्या चौथीपर्यंत. सरकारी संशोधन केंद्रात एकतीस वर्षं त्यांनी टाक्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर खाडीकाठच्या आपल्या घरात दोन टाक्या मांडल्या. केंद्रातले साहेब अजूनही नाजूक जीव त्यांच्याकडे पाठवत. मावशींच्या टाकीतली पिल्लं जगतात, एवढंच अच्युतने ऐकलं होतं. ऐकून तो हसला होता. तिसऱ्या वेळेनंतर मात्र हसला नाही. पोटुशी नर डब्यात घालून तो थेट इथे आला.

“तुमच्या घरची टाकी कशी आहे?” मावशींनी विचारलं.

“उत्तम! दिवाणखान्यात आहे. चारही बाजूंनी काच. वरून पांढरे दिवे. येणारा प्रत्येक जण आधी टाकीपाशीच थांबतो.”

“दिवे कशाला?”

“म्हणजे काय? दिसायला नकोत का?”

मावशींनी फडकं दोरीवर वाळत घातलं.

“मावशी, तुमची काही खास युक्ती असेल तर सांगा. मी माझ्या लेखात तुमचं नाव घालीन.”

“आठ दिवस राहा,” मावशी म्हणाल्या. “पडवीत खाट आहे.”

नर दुसऱ्याच सकाळी बाळंत झाला.

समुद्रघोड्यांत पोट वाढतं ते बापाचं. आई त्याच्या पिशवीत अंडी घालून मोकळी होते. तो नर शेपटीने दोरीला घट्ट धरून राहिला होता. एकदम कमरेत वाकला. पुन्हा वाकला. आणि पिशवीच्या तोंडातून धुरासारखं काहीतरी बाहेर पडलं.

धूर नव्हता तो. पिल्लं होती. पापणीच्या केसाएवढी. प्रत्येकाला मान, प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला गुंडाळलेली शेपटी.

अच्युतने हे पूर्वी तीनदा पाहिलं होतं. तरी तो काचेला नाक लावून वाकला.

“तीनशे तरी असतील,” तो पुटपुटला.

“असतील.”

मावशींनी हलक्या हाताने नर उचलून शेजारच्या टाकीत सोडला.

“लगेच? बापाला जरा पिल्लांपाशी राहू द्या की.”

“भूक लागेल त्याला आता. त्याला कुठे ठाऊक, ही आपली आहेत म्हणून?”

मग त्यांनी फडताळातून जुन्या छत्रीचं काळं कापड काढलं. टाकीच्या चारही बाजूंनी ते गुंडाळलं, वरूनही ओढून घेतलं आणि कपड्यांचे चिमटे लावले. एका कोपऱ्यात चार बोटांची फट तेवढी ठेवली.

“खायला इथून घालायचं. दिवसातून पाच वेळा. बघायचं तेही इथूनच. कापड उचलायचं नाही, दिवा लावायचा नाही.”

“हो हो,” अच्युत म्हणाला. “माहीत आहे मला.”

पहिले तीन दिवस त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. फटीला डोळा लावला की काळोखात काहीतरी हलताना दिसायचं. कधी अर्धी शेपटी, कधी नुसता ठिपका. बास, एवढंच.

“किती जगलीत ते कळायला हवं ना?” तो तिसऱ्या दिवशी म्हणाला.

“कशाला?”

“कशाला म्हणजे! मेली असली तर?”

“मेलेली खाली पडतात. नळीने मी रोज काढते. आज चार निघाली.”

“फक्त चार?”

“हं.”

“माझ्याकडे तिसऱ्या दिवशी निम्मी गेली होती!”

मावशींनी त्याच्या ताटात भात वाढला.

रोज भरतीच्या वेळी मावशी दोन कळशा घेऊन खाडीवर पाणी आणायला जात. यायला तासभर लागे. चौथ्या दिवशी त्या गेल्या आणि अच्युत टाकीपाशी उभा राहिला.  मग वरचे दोन चिमटे काढले, कापड एका बाजूने उचललं आणि मोबाईलचा दिवा लावून पाण्यावर धरला.

काही क्षण काहीच झालं नाही.

मग तळाकडून एक पिल्लू वर आलं. मागून दुसरं. मग दहा, वीस, पन्नास… सगळी टाकी वर येऊ लागली. इवलेसे पर थरथरवत, माना ताठ करून, त्याच्या हाताखाली ती गोळा झाली. त्याने हात डावीकडे नेला, ती डावीकडे आली. उजवीकडे नेला, उजवीकडे आली.

अच्युतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“ओळखता होय रे मला?” तो हळूच म्हणाला.

त्याचं लग्न मोडून नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. घरी तो दार उघडायचा तेव्हा त्याच्याकडे धावत येणारं कुणी नव्हतं. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

मावशींच्या कळशांचा आवाज अंगणात आला तेव्हा चिमटे जागच्या जागी होते.

पाचव्या दिवशीही त्याने कापड उचललं. सहाव्या दिवशीही. त्या दिवशी मावशींना उशीर झाला म्हणून तोही जास्त वेळ उभा राहिला.

सातव्या दिवशी सकाळी खायला घालायला तो फटीपाशी वाकला, आणि त्याला काहीच दिसलं नाही. ना शेपटी, ना ठिपका.

“मावशी!”

मावशी चुलीपुढून उठून आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी कापड ओढलं.

पिल्लं वरच होती. सगळी. पाण्याच्या पातळीला चिकटून, आडवी. मेलेली नव्हती. शेपट्या वळवळत होत्या, तोंडं उघडत होती, मिटत होती. प्रत्येकाच्या पोटात एक चकाकता बुडबुडा होता. खाली जाण्यासाठी ती धडपडत होती आणि कुणालाही खाली जाता येत नव्हतं.

अच्युतने बोट पाण्यात घातलं. एका पिल्लाला हलकेच खाली दाबलं. वीतभर खाली नेलं. बोट काढलं.

पिल्लू बुचासारखं वर आलं.

त्याने दुसरं दाबलं. तेही वर आलं. मग तिसरं…

“राहू द्या,” मावशी म्हणाल्या.

“हे काय झालं? कशाने झालं हे?”

“तुम्ही सांगा. मास्तर तुम्ही आहात. पिल्लं अशी का तरंगतात?”

“का म्हणजे, साधी गोष्ट आहे,” अच्युतच्या तोंडून वर्गातला आवाज आपोआप निघाला. “नवजात पिल्लं प्रकाशाकडे ओढली जातात. दिवा दिसला की पृष्ठभागाशी येतात, तिथे खाताना हवा गिळतात, ती हवा पोटात अडकते आणि मग…”

वाक्य तिथेच थांबलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. बोटावरून पाणी ठिबकत होतं.

“आणि मग?” मावशींनी विचारलं.

अच्युतने बोट शर्टाला पुसलं.

“किती वर्षं शिकवताय हे?”

“अकरा.”

 तो टाकीला पाठ लावून जमिनीवर बसला. इथली तीनशे. आणि घरी, त्या पांढऱ्या दिव्यांखाली, तीन वेळची. पहिल्या वेळी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता, सगळी पिल्लं काचेशी वर जमली होती, आणि तो म्हणाला होता, बघा, कशी पोज देतायत! केवढे हसले होते सगळे.

“मला वाटलं, मला ओळखतात,” अच्युत म्हणाला. “मला वाटलं, माझ्यासाठी वर येतात.”

मावशींनी ओढून काढलेल्या कापडाची घडी घातली.

“दिवस कितवा होता?” त्यांनी विचारलं.

“चौथा. पाचवा. काल पण.”

“चौथ्या दिवशी चिमटा उलटा लागलेला दिसला मला.”

अच्युतने झटकन वर पाहिलं.

“तुम्हाला कळलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत?”

मावशींनी पदराने हात पुसले. कोरडेच होते हात, तरी पुसले.

“नाही बोलले.”

“का? एका शब्दाने अडवलं असतं तर… मावशी, तीनशे जीव होते! परीक्षा घेत होता तुम्ही माझी?”

“परीक्षा कसली?” मावशींचा आवाज पहिल्यांदाच चढला. “एवढा मोठा माणूस, वाटलं, एकदा मोह झाला असेल, बघितलं असेल, पुन्हा नाही करायचा. बोलून कशाला लाजवा? म्हणून गप्प बसले. तुमची लाज राखली मी… आणि ही गेली. निम्मी माझ्या नावावर लागतात.”

 त्या म्हाताऱ्या बाईने दोष असा उचलून स्वतःच्या पदरात घेतलेला पाहून तो आणखीच हादरला. ओरडायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

दिवसभर दोघं टाकीपाशी होती. वाचवण्यासारखं फारसं नव्हतं. मावशी मऊ पिसाने एकेक पिल्लू पाण्याखाली धरत आणि त्याचं पोट अगदी हलकेच, शेपटीकडून मानेकडे चोळत. विसातल्या एखाद्याच्या तोंडून बुडबुडा सुटे. बाकीची पिसावरच निपचित होत. अच्युतला त्यांनी शिकवलं नाही. तसलंच दुसरं पीस त्याच्यापुढे धरलं, एवढंच.

 पहिली चाळीसएक त्याच्या हातून गेली. एक्केचाळिसाव्याच्या तोंडून मोहरीएवढा बुडबुडा निघाला. ते पिल्लू हळूहळू खाली गेलं, तळाच्या दोरीला त्याने शेपटीचा वेढा घातला आणि तिथेच राहिलं.

अच्युत हुंदका देऊन रडला. मावशी थांबल्या नाहीत. त्यांनी पुढचं पिल्लू पिसावर घेतलं.

ऊन कललं तेव्हा सतरा उरली होती. बुडबुडा सुटलेली, तेवढीच. मावशींनी काळं कापड परत लावलं. मग काचेची एक बरणी काढली, खाडीच्या पाण्याने भरली, तिलाही कापड बांधलं.

“उद्या पहाटेच्या एस्टीने निघा,” त्या म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत पोचाल. निम्म्या रस्त्यात बरणीचं तोंड जरा उघडा, पाण्याला हवा लागू दे.”

“बरणी? कुणासाठी?”

“पिल्लं न्यायची आहेत ना?”

अच्युत दोन पावलं मागे सरला.

“नाही. नाही मावशी. मला नका देऊ.”

“का?”

“का विचारता? बघितलंत ना सगळं! हजारावर गेलीत माझ्या हातून. कळत होतं, शिकवत होतो, तरी गेली. माझी परवानगी मी परत करतो. टाकी मोडून टाकतो. कुणाला काय तोंडाने शिकवू आता?”

मावशी बरणीचं फडकं नीट करत राहिल्या.

“ही सतरा तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. “नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या.”

“कुणाला देऊ?”

“कुणालाही. चांगल्या माणसाला. ज्याच्या हातून आजवर एकही पिल्लू मेलेलं नाही, अशा कुणालातरी.”

मावशींनी त्याच्याकडे वळून पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या, आणि पहिल्यांदाच त्याच्याशी अरे-तुरेत बोलल्या.

“अशाला? अरे वेड्या, तसल्या माणसाच्या हाती मी रिकामी बादलीसुद्धा देत नाही.”