विजेता दगड होवो

एका राज्यात, जिथे समुद्र राजवाड्याच्या पायऱ्या धूत असे, वज्रबाहू नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता; खोड एकच. त्याच्या कुळात सात पिढ्या 'हरलो' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. बुद्धिबळात मात झाली तर म्हणायचे, 'डाव उठला.' आजोबा रणातून पळून आले, तेव्हा भाटांनी गायलं, 'महाराजांनी दिशा बदलली.' दाईने युवराज रत्नसेनाला बोलायला शिकवलं, तेही तेवढा एक शब्द गाळून.

त्या राज्याच्या बंदरात एक गलबत लागलं आणि दामोन नावाचा यवन मूर्तिकार उतरला. बरोबर संगमरवर, छिन्नी आणि खांद्यावर एक घुबड. तो दगडात वस्त्रं अशी कोरी की वाऱ्यावर त्यांच्या चुण्या हलत. त्याने आपल्या देशाची एक रीतही आणली. दर चौथ्या वर्षी धावण्याची शर्यत. त्या दिवशी कुणी शस्त्र उचलायचं नाही, कुणी कुणाला अडवायचं नाही, आणि जिंकेल त्याच्या डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट.

"नुसती पानं?" लोक हसले. पण शर्यत पाहिली आणि हसणाऱ्यांचेही तळपाय शिवशिवू लागले.

नावाड्याचा मुलगा सुवेग पहिला आला. युवराज रत्नसेन दुसरा, चांगला हातभर मागे. साऱ्या प्रजेने पाहिलं, राजानेही पाहिलं. तरी राजा उठला, पानांचा मुकुट पायाखाली टाकला, सोन्याचा मुकुट युवराजाच्या डोक्यावर ठेवला आणि गरजला, "विजेता, युवराज रत्नसेन!"

दामोन म्हणाला, "महाराज, हे असत्य आहे."

राजाने तलवार उपसली. शस्त्र न उचलण्याच्या दिवशी उपसली! दामोन मूर्तिकार होता तसा मांत्रिकही होता, आणि मांत्रिकाला राग आवरत नाही. तो ओरडला, "तर मग विजेता दगड होवो!"

बोलला तो युवराजाला. पण शाप काही दरबारचा भाट नव्हे; त्याला खरा विजेताच तेवढा कळतो. रेषेपाशी सुवेग धापा टाकत उभा होता, एक पाय पुढे, मान उंच. तो तसाच संगमरवराचा झाला. युवराजाच्या डोक्यावरचा सोन्याचा मुकुट मात्र चिकटला तो चिकटलाच.

दामोनने कपाळावर हात मारून घेतला. "सुटलेला शब्द मला परत घेता येत नाही. युवराज आपल्या तोंडाने 'हरलो' म्हणतील, तेव्हाच शाप उतरेल." एवढं बोलून तो खाली मान घालून गलबतावर चढला. घुबड तेवढं मागे राहिलं, सुवेगच्या दगडी खांद्यावर.

सुवेगची बहीण वेणा रोज सकाळी भावाला पुसायला येई. खारा वारा संगमरवर खातो. एका पावसाळ्यात बोटांच्या कडा गेल्या, दुसऱ्यात कानाची पाळी. भाऊ परत यायचा तर चेहरा शाबूत असेतो यायला हवा, हे तिला कळत होतं. लोक अपशकुनी म्हणून घुबडाला खडे मारीत. वेणाने मात्र एके दिवशी त्याला पाणी ठेवलं.

"पोरी," घुबड म्हणालं, "यवनांच्या देशात माझ्या तोंडून शहाणपण ऐकतात. इथे खडे मारतात. देश तसा वेश! ऐक. कामं तीन. विजेत्याच्या मुकुटासाठी सर्पकेशीच्या बेटावरून जैतुनाची डहाळी आण. अश्वगुरूकडून धावणं शीक. मग युवराजाकडून तो शब्द वदवून घे."

"तिसरं सोपं दिसतं."

"तेच अवघड. डहाळीला साप राखण आहेत; त्या शब्दाला सात पिढ्या."

वेणाने बापाची होडी सोडली. बेटावर सर्पकेशी बसली होती. केसांच्या जागी साप, आणि तिच्या डोळ्यांत पाहील तो दगड. आधी आलेल्या शंभर वीरांचे पुतळे भोवती उभे होते, सगळ्यांच्या हातात तलवारी. वेणाने नजर खाली ठेवली, दुधाची वाटी आणि लाह्या पुढे सरकवल्या, नागपंचमीला ठेवतात तशा.

"हे काय?"

"आई, तुमच्या सापांना भूक लागली असेल."

सर्पकेशीने वाटी सापांपुढे धरली. मग म्हणाली, "आजवर कुणी विचारलं नव्हतं गं." तिने आपल्या हाताने डहाळी तोडून दिली. ती डहाळी कधी सुकत नसे.

अश्वगुरू डोंगरात राही. कमरेवर माणूस, कमरेखाली घोडा. त्याची अट एकच. "रोज माझ्याबरोबर धाव. आणि रोज मागे पडलीस की मोठ्याने सांग, 'हरले.'"

पहिल्या दिवशी वेणा नुसतं 'दमले' म्हणाली. दुसऱ्या दिवशी रडू आलं. शंभराव्या दिवशी ती 'हरले' म्हणाली आणि लगेच विचारलं, "कुठे चुकले?"

"आता तू शिकशील," गुरू म्हणाला, आणि खरोखर तिथून पुढे शिकवू लागला.

चौथ्या वर्षी शर्यतीचा दिवस उजाडला. सुवेगच्या नाकाचा शेंडा झिजू लागला होता. वेणा रेषेवर येऊन उभी राहिली, कमरेला डहाळी खोवलेली.

"बाई धावणार?" राजा गुरगुरला. "हाकला तिला!"

"आज कुणी कुणाला अडवायचं नसतं, महाराज," वेणा म्हणाली.

सोन्याच्या मुकुटाखालून युवराज हळूच म्हणाला, "येऊ द्या तिला."

घुबड तिच्या कानाशी आलं. "पोरी, शाप अजून जागा आहे. त्याला विजेता एवढंच कळतं. जिंकलीस तर तूही दगड."

"आणि हरले तर?"

"तर युवराज तो शब्द कशाला म्हणेल?"

वेणाला भीती वाटली. का वाटू नये? तिने भावाच्या झिजलेल्या नाकाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

शंख वाजला. युवराज वाऱ्यासारखा सुटला. तो काही लेचापेचा गडी नव्हता. अर्ध्या वाटेपर्यंत तोच पुढे. मग वेणाने अंतर कापायला सुरुवात केली. वीतभर, हातभर, खांद्याला खांदा. रेषा चार पावलांवर आली. तिथे थबकली असती तर जगली असती. ती थबकली नाही.

रेषा ओलांडताच तिची पावलं पांढरी झाली. मग गुडघे. मग कंबर.

"युवराज," ती शांतपणे म्हणाली, "कोण जिंकलं?"

"बोलू नकोस, रत्नसेना!" राजा ओरडला. "डाव उठला म्हण! दिशा बदलली म्हण!"

युवराजाने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. चार वर्षं तो रोज त्या पुतळ्यासमोरून मान फिरवून गेला होता. संगमरवर वेणाच्या गळ्याशी पोचला.

"ह..." युवराज म्हणाला. "हर..." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. "हरलो! आज हरलो, तेव्हाही हरलो. सुवेग जिंकला होता!"

मुकुट खणकन खाली पडला. वेणाच्या अंगावरचा पांढरा रंग धुळीसारखा झडला. त्या एका शब्दाने दगडाचे सारेच शाप सुटले; दूर बेटावर शंभर वीर डोळे चोळत जागे झाले आणि तलवारी तिथेच टाकून चालू लागले. राजा आपल्या पोराला चार वर्षांनी प्रथमच मुकुटाच्या ओझ्याविना उभा पाहत होता. त्याचेही डोळे भरून आले. तो खाली उतरला, वेणाकडून डहाळी मागून घेतली आणि आपल्या हाताने दोन मुकुट गुंफायला बसला. राजाच तो, पहिला वाकडाच झाला.

आणि सुवेग? त्याने चार वर्षं कोंडलेला श्वास सोडला, पुढचा पाय जमिनीवर टेकवला आणि धापा टाकत विचारलं, "कोण जिंकलं?"

"त्या वेळी तू," युवराज म्हणाला. "आत्ता तुझी बहीण."

"आणि तुम्ही?"

"मी हरलो!" युवराज म्हणाला, आणि नवा शब्द शिकलेल्या पोरासारखा हसत हसत पुन्हा म्हणाला, "हरलो!"

त्या राज्यात आजही चौथ्या वर्षी शर्यत होते, आणि देवळाच्या दारावर दामोनने कोरलेल्या मूर्तींची वस्त्रं वाऱ्यावर हलल्यासारखी दिसतात. वेणाची पावलं जशी रेषेपर्यंत गेली, तशी तुमची आमची जावोत.