विहिरीतला काळा कातळ

सांगायला लावलंच आहे तर ऐका, आणि मधे मधे "मग पुढे?" करू नका. धाकू घाड्याची ही गोष्ट लोक गोड करून सांगतात. ती गोड नव्हती.

"तो माफी मागणार की नाही, मेस्त्री?" धाकूनं विचारलं.

रवळू मेस्त्री चिरेखाणीच्या काठावर बिडी ओढत बसले होते. "कोण?"

"सोनू गावस, माझ्या जोडीचा. ओले चिरे गाडीत भरले त्यानं. देवळाची पायरी झिजली, तर साऱ्या गावासमोर नाव माझं. तो माफी मागेपर्यंत खाणीत पाय टाकणार नाही. उद्या गोव्याला चाललो."

जांभा, आपला तांबडा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, नख उमटतं. एक उन्हाळा उघड्यावर काढला की घट्ट होतो. धाकूला हे मेस्त्रींनीच आठ वर्षांपूर्वी शिकवलेलं. त्या काळी चिरा हातानं निघायचा. टिकावाचा ठोका सड्याच्या माळावरून थेट खाडीपर्यंत जायचा. आता यंत्र घरघरतं. जाऊ दे.

मेस्त्री उठले. शेजारी नवी विहीर खणत होते, तिथं गेले.

"उतर."

धाकू पहार घेऊन शिडीनं उतरला.

"वर काय लागलं?"

"जांभा."

"त्याखाली?"

"चिकणमाती... मग कुजका दगड. हातानं चुरतोय."

"तळाला?"

धाकूनं पहार हाणली. हात झिणझिणले. "काळा कातळ."

"किती थर झाले?"

"चार."

"एकच दगड आहे तो."

धाकूनं मान वर केली.

"जमिनीच्या पोटातला जाळ वर येऊन थिजला, तो तुझ्या पायाखाली. पावसानं त्याला कुजवलं, माती केली, मातीचा जांभा झाला. तो जांभा तू उन्हात टाकून परत घट्ट करतोस."

धाकूनं कातळावर तळवा टेकला. तो गारवा आज पंच्याहत्तरीतही त्याच्या हाताला आठवतो. मेस्त्री कधीच गेले. विहिरीला सिमेंटचं कडं आलं. सोनू अजून पारावर समोरच बसतो आणि चुना मागतो, मेला.

"किती वर्षं लागली याला, मेस्त्री?"

मेस्त्री कडेवरून वाकले.

"तुझ्या आठांपेक्षा जास्त."

"आणि सोनूचं काय?"

"उद्या टिकाव घेऊन त्याच्याच बाजूला उभा राहा. कातळ काय एका पावसात मऊ होत नाही. आत्ता कुठे पाऊस लागायला लागलाय त्या सोनू गावसाला."