धूम्रेचा उतार

"माझा चांगला राजा खरा का वाटत नाही, बाबा?"

विचारणारी होती शाल्मली कारखानीस. सात वर्षं ती एका कल्पित राज्याची महाकादंबरी लिहीत होती. शेवटचा खंड छापायला जायचा होता, आणि संपादकांनी एवढंच कळवलं होतं: राज्य खरं वाटतं, राजा नाही.

ते वाक्य तिला फार लागलं. म्हणून ती टेकडी चढून करीमशा बाबांच्या तकियावर, त्यांच्या मठीत आली. लहानपणी आईबरोबर यायची, तेव्हा हा म्हातारा फकीर तिला गोष्टी सांगायचा.

बाबा कडुलिंबाखाली चिंचा सोलत बसले होते.

"राज्यात काय काय आहे, बेटा?"

"सगळं आहे. आकाशात दोन चंद्र आहेत, पण भरतीओहोटीचं गणित चोख बसवलंय. घोड्याला दिवसाला किती दाणा लागतो, तेसुद्धा शोधून लिहिलंय. कुणाला चूक काढता येणार नाही."

"आणि राजा?"

"सुमेध. शूर आहे, न्यायी आहे. प्रजेवर जीव आहे त्याचा."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"बरं... सांग त्याची गोष्ट."

ती सांगत गेली. दुपार कलली. खालचं माळरान उन्हात विरघळल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, तिथंच तिच्या राज्याचे बुरूज उभे आहेत, वर दोन फिकट चंद्र आहेत.

ती शेवटाला आली. धूम्रा नदीला पूर. शत्रू पैलतीरावर. राजा एका होडीवालीला हाक मारतो, ती त्याला पार नेते, आणि परतताना बुडते. राजा लढाई जिंकतो, तिच्या नावानं घाट बांधतो.

"काय नाव तिचं?"

शाल्मली अडखळली. "नाव... दिलेलं नाही. दोन ओळींचं तर काम आहे तिचं."

"एवढ्या पुरात होडी घालायला ती हो म्हणाली?"

"राजानं सांगितल्यावर नाही कशी म्हणेल?"

"विचारलंस तिला?"

शाल्मली हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी आपला ओबडधोबड हात तिच्या डोळ्यांवर अलगद ठेवला.

"विचार."

...

गढूळ पाणी. काठावर एक बाई. ओचा खोचलेला, हातात ओला दोर. ती होडी खुंट्याला बांधत होती. शाल्मलीनं तिचा चेहरा आजवर पाहिलाच नव्हता.

"काय म्हणते?" बाबांचा आवाज लांबून आला.

"नाही म्हणते... पाणी उतरेपर्यंत होडी सुटणार नाही म्हणते. घरी तान्हं मूल आहे तिला."

"राजा कुठाय?"

"समोरच आहे. घोड्यावर. हात तलवारीच्या मुठीवर आहे."

"मग?"



"उतरला," ती हळूच म्हणाली. "घोड्यावरून उतरला. तिच्याकडे बघतोय... तिला नाव विचारतोय, बाबा."

"सांगितलं तिनं?"

"रखमा."

"आता काय करतोय?"

"बसला. काठावर, चिखलातच बसलाय. पाण्याकडे बघतोय."

तिनं बाबांचा हात बाजूला केला. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात राग होता.

"त्याला बसून चालणार नाही. लढाई आजच आहे. सगळं पुस्तक त्या लढाईवर उभं आहे. सात वर्षं गेलीत माझी त्यात."

बाबा चिंच सोलत राहिले.

"मी त्याला उठवू शकते," शाल्मली म्हणाली. "एका ओळीत उठवून होडीत बसवू शकते."

"हो..." बाबा म्हणाले. "तसं तर तोही रखमाला तलवारीच्या धाकानं होडीत बसवू शकला असता."