एका कोयत्याचं ताट

एकदा एका कोरडवाहू गावात एक वृद्ध गुरू राहत असे. शिकलेला फारसा नव्हता. पण लोक त्याच्या ओसरीवर येऊन बसत आणि जाताना थोडे हलके होऊन जात. त्याचा एक तरुण शिष्य होता. ऊस तोडणाऱ्यांची किमान मजुरी वाढावी म्हणून तो गावोगाव वणवण फिरला होता. अखेर दर वाढला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पेढे घेऊन गुरूकडे आला.

ओसरीवर मनकर्णा बसली होती. तिचा नवरा श्रावणात वारला होता. शिष्याने तिच्या हातावर पेढा ठेवला. तिने तो पदराला बांधला.

"वर्षाला देईन," ती म्हणाली. वर्षा तिची मुलगी. "यंदा मला तोडीला नेत नाहीत, दादा. मुकादम म्हणतो, आधी कोयता पुरा कर."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो; ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. मजुरी त्या एका कोयत्याची, आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात.

"वर्षालाच जोडीला घेते," मनकर्णा म्हणाली. "सातवीत आहे, पण हाडानं मोठी दिसते."

 गुरू शिष्याला म्हणाला, "मुकादमाला सांग, उद्या जोडीनं जेवायला या."

दसऱ्याला मुकादम बायकोला घेऊन आला. गुरूने दोन पाट मांडले आणि समोर एकच ताट ठेवले. मुकादम हसला.

"काय बाबा, ताटं भाड्यानं दिली का?"

गुरूने त्या ताटात एक पुरणपोळी वाढली. शिष्य दुसरे ताट आणायला उठला, तेव्हा गुरूने त्याचे मनगट धरले. "बस. एका कोयत्याला एक ताट."

मुकादमाने थट्टा समजून पोळी मोडली. बायको मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती.

"घे की."

"तुमचं होऊ द्या. उरलं तर खाईन," ती शांतपणे म्हणाली. "सवय आहे मला. मीही मोळ्या बांधल्यात की, तुम्ही मुकादम व्हायच्या आधी."

मुकादमाचा हात ताटातच थांबला. तो म्हणाला, "बाबा, कळतंय मला. पूर्वी टोळीत एखादी एकटी बाई चालून जायची. आता दर वाढला, तर कारखाना पुरा कोयताच मागतो. मी अर्धा नेला, तर माझी टोळीच घेणार नाहीत."

तो खोटे बोलत नव्हता. हात धुऊन तो खालमानेने निघून गेला.

शिष्य ताट उचलता उचलता म्हणाला, "बाबा, मी दर मागायलाच नको होता का?"

"मागितलास ते बरंच केलंस," गुरू म्हणाला. "भुकेल्याच्या ताटात घास वाढवणं हे पुण्यच आहे. पण बाळ, तू ताटाकडे पाहिलंस. ताटाला किती जण बसलेत, ते पाहायचं राहिलं. आपण सगळेच म्हणतो, गावातून इतके कोयते गेले. माणसं किती गेली, ते कोणी म्हणत नाही. जिला कधी माणूस म्हणून मोजलंच नाही, तिच्यापर्यंत वाढलेला दर पोचणार कसा? तो नवऱ्याच्या हातातच थांबतो, आणि अर्ध्या कोयत्याला जोड म्हणून लेकरू जातं."

पुढच्या आठवड्यात ट्रक निघाला. भांडी, पाचटाच्या चटया आणि शेळ्यांच्या मध्ये मनकर्णा बसली होती. शेजारी वर्षा. तिने शाळेच्या दप्तरात भाकरी भरल्या होत्या, आणि बापाचा कोयता मांडीवर आडवा धरला होता. शिष्याला पाहून ती हसली.

"दादा, पेढा गोड होता," ती म्हणाली.

 ट्रक वळणाआड गेल्यावरही शिष्य तिथेच उभा होता. पुन्हा गावोगाव फिरायचे होते, आणि या वेळी काय मागायचे, ते त्याला कळले होते.

मजुरी किती ठरली हे विचारण्याआधी, मजूर म्हणून कोणाकोणाला धरले, ते विचारावे.