वाढदिवसाचा फ्लेक्स

"माझं तोंड आतल्या बाजूला का, माई?"

केसरमाई रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाहेर ऊन असतं. रंग उडाला असता तुझा."

विचारणारे बळवंतराव ढोणे. तालुक्यातलं बडं प्रस्थ. उद्या जिल्हा परिषदेचा अर्ज भरायचा होता, आणि माईचा अंगारा कपाळाला लागल्याशिवाय त्यांनी आजवर एकही मोठं काम सुरू केलं नव्हतं. नवव्या वर्षी माईकडून गुरुमंत्र घेतलेला. तेव्हा ते मठात राहायचे, नुसते बळ्या होते, आणि या पाणपोईचं पाणी विहिरीवरून तेच आणायचे. हे हल्ली ते कुणाला सांगत नाहीत.

मठ टेकडीवर, पाणपोई पायथ्याला. तिथं नवं असं काहीच नव्हतं. बसायला ट्रकचं टायर, त्यावर सुतळी विणलेली. पळी करवंटीची. चिमण्यांचं पाणी बिनझाकणाच्या कुकरात. आणि वर सावलीला, चार खांबांना बांधलेला, बळवंतरावांच्या गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मिशीपाशी तो फाटला होता. तिथं माईनं दुधाच्या पिशवीचं ठिगळ लावलं होतं.

"लोक हसतात, माई. विरोधकांनी फोटो काढून गावभर फिरवलाय."

"हसू दे की. पाणी पिऊन हसतात, उपाशी-तापाशी नाही."

"मी पत्र्याची शेड देतो. थंड पाण्याचं मशीन देतो."

"त्यावर तुझं नाव?"

"...बारीक अक्षरात."

"नको."

मागं उभ्या असलेल्या दोन कार्यकर्त्यांपैकी एकाला खोकला आला. बळवंतरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की खोकला जागच्या जागी बरा झाला.

"बरं, गेल्या साली सत्काराला शाल दिली होती तुम्हाला. जरीची. ती तरी वापरता का?"

"रोज डोक्यावर असते."

बळवंतराव जरा सुखावले. पण माईच्या डोक्यावर विटक्या लुगड्याचा पदर होता, तो काही त्यांना दिसला नाही.

"दात घासायचा ब्रश झिजला, की तू काय करतोस रे?" माईनं विचारलं.

"फेकतो."

"मी त्यानं परकरात नाडी ओवते." तिनं गोणपाटाची गाठ दाताखाली धरून ओढली. "तुलाही अजून फेकलं नाही."

आता मात्र त्यांचा पारा चढला. ते गुरू-बिरू विसरले.

"माई, ही जागा गायरानाची आहे. मी एक फोन केला तर उद्या पाणपोई उठेल. आधी हा फ्लेक्स काढा, मग अंगारा द्या. मला उशीर होतोय."

माई उठली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण उठली ती एका दमात.

"उद्या कशाला? आत्ता उठव. गायरान सरकारचं, पाणी विहिरीचं, ऊन देवाचं. तुझं इथं एवढं तोंडच आहे. ने."

तिनं रस्त्याकडच्या दोन खांबांवरच्या गाठी भराभर सोडल्या. फ्लेक्स खाली लोंबला. मे महिन्याचं ऊन थेट रांजणांवर आलं, आणि बघता बघता गोणपाट सुकायला लागलं.

तेवढ्यात चढावरून एक कासारीण आली. बांगड्यांची टोपली उतरवून ती टायरावर टेकली आणि चटका बसून लगेच उठली.

"आज सावली कुठं गेली, माई?"

माईनं लोंबणारी दोन टोकं उचलली आणि बळवंतरावांच्या हातात दिली.

"धर."

कार्यकर्ते पुढं धावले.

"तुम्ही नाही," माई म्हणाली. "फोटो कुणाचा आहे?"

...

बळवंतरावांनी हात पसरून टोकं वर धरली. का धरली, ते त्यांनाही नीट कळलं नसावं. लहानपणी माईनं "धर" म्हटलं की ते धरायचे, एवढंच.

कासारणीनं मान मागं टाकली, तांब्या वर धरला आणि घटाघटा पाणी प्यायली. पिताना तिची नजर वरच्या चेहऱ्यावर गेली. मग खालच्या. मग परत वरच्या.

"माई, हा तोच का गं?"

"तोच. रोज नुसता फोटो यायचा. आज स्वतः आलाय."

कासारीण हसली नाही. तिनं ओल्या हातानं नमस्कार केला, टोपली उचलली आणि गेली. तिच्यामागून दोन मेंढपाळ आले. मग शेतावर भाकरी घेऊन निघालेली एक म्हातारी. तिनं तर सावलीत बसून पायातला काटाच काढला, सावकाश.

बळवंतरावांच्या कांजीच्या सदऱ्यातून घाम निथळत होता. दंड भरून आले होते. खिशातला फोन दोनदा वाजून गप्प झाला.

"किती वेळ, माई?"

"ऊन कुणाला विचारून उतरतं का?"

...

म्हातारी गेली. रस्ता मोकळा झाला.

"बांधू का गं परत?" बळवंतराव हळूच म्हणाले.

माई सुकलेल्या गोणपाटावर पाणी शिंपडायला लागली. मग त्यांनीच टायरावर चढून दोन्ही गाठी मारल्या. फोटो आतच ठेवला. ठिगळाचं एक टोक सुटलं होतं, ते अंगठ्यानं दाबून बसवलं. नंतर खाली उतरून ते माईपुढं वाकले, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.

कपाळाला काही लागलं नाही. डोक्यावर मात्र काहीतरी मऊ, गोल येऊन बसलं.

त्यांनी हात लावून पाहिला. चुंबळ होती. हाताला जरीचा काठ लागला.

माईनं त्या चुंबळीवर तेलाचा रिकामा डबा ठेवला.

"विहीर तिथंच आहे, बळ्या."