टुमीची वाट अडली

एक होतं मंगल कार्यालय. तिथे होतं लग्न. पीं पीं पीं, ढम ढम ढम!

टुमी चिचुंद्री आली स्वयंपाकघरात. तिने उचलली एक बुंदी. पिल्लांसाठी!

तुरुतुरु तुरुतुरु, टुमी निघाली घरी. घर होतं मागच्या दाराबाहेर, लिंबाखाली.

पण अगंबाई! मागच्या दाराशी सतरंज्यांचा ढीग! दाराखालची फट गेली बुजून. पुढच्या दारात तर पायच पाय!

“सतरंजी, सतरंजी, हल ना! वाट अडली, पिल्लं भुकेली.”

सतरंजी म्हणाली, “गेनूदादा उचलत नाही, मी हलत नाही.”

तुरुतुरु तुरुतुरु. गेनूदादा हमाल चहा पीत होता. फुर्र फुर्र!

“गेनूदादा, गेनूदादा, उचल ना! सतरंजी हलत नाही, वाट अडली, पिल्लं भुकेली.”

“शी! केवढा गं तुझा वास! सतरंज्या ठेवू कुठे? खोली उघडत नाही, मी उचलत नाही.”

तुरुतुरु तुरुतुरु.

“खोली, खोली, उघड ना! गेनूदादा उचलत नाही, सतरंजी हलत नाही, वाट अडली, पिल्लं भुकेली.”

खोली म्हणाली, “किल्ली फिरत नाही, मी उघडत नाही.”

किल्ली होती बकुळाबाईंच्या कमरेला. छुम छुम छुम!

“किल्ली, किल्ली, फिर ना! खोली उघडत नाही, गेनूदादा उचलत नाही, सतरंजी हलत नाही, वाट अडली, पिल्लं भुकेली.”

किल्ली म्हणाली, “बकुळाबाई फिरवत नाहीत, मी फिरत नाही.”

बकुळाबाई कार्यालयाच्या मालकीण. पाहुण्यांना अत्तर लावत होत्या.

“बकुळाबाई, बकुळाबाई, फिरवा ना! किल्ली फिरत नाही, खोली उघडत नाही, गेनूदादा उचलत नाही, सतरंजी हलत नाही, वाट अडली, पिल्लं भुकेली.”

“गेनूला सांग जा!”

“गेनूदादा म्हणतो खोली. खोली म्हणते किल्ली. आणि किल्ली तुमच्या कमरेला!”

बकुळाबाईंनी अत्तरदाणी खाली ठेवली.

“मागचं दार अडलंय? आत तर शेगड्या पेटल्यात! आग लागली तर एवढी माणसं जातील कुठून? कार्यालय माझं, तर काम माझंच!”

मग काय!

बकुळाबाईंनी किल्ली फिरवली, खट्!
किल्लीने खोली उघडली, कर्रर्र!
गेनूदादाने सतरंज्या उचलल्या, हय्या हो!
सतरंज्या हलल्या, वाट सुटली.
दार उघडलं सताड. वारा आला झुळुझुळु.

टुमी गेली तुरुतुरु. पिल्लांनी बुंदी खाल्ली, मट्टमट्ट!

आता मागच्या दाराशी कुणी पाटसुद्धा ठेवला, की बकुळाबाई म्हणतात, “उचला आधी! ती टुमीची वाट. तुमची आणि माझीसुद्धा!”

बुंदी गेली पोटात, गोष्ट गेली कानात.